स्पर्धेतल्या डिझेल ट्रकच्या धुराड्यातून आग का निघते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत इंडियाना, ओहायो या राज्यांत उन्हाळा लागला की डिझेल पिकअप ट्रकांच्या स्पर्धा भरतात. मातीच्या ट्रॅकवर ट्रक भली मोठी लोखंडी घसरगाडी ओढत येतो, म्हणून या स्पर्धांना पुलिंग म्हणतात. बॉनेटमधून वर काढलेल्या जाड नळीतून आधी काळा लोट उठतो आणि मग हातभर, कधी पुरुषभर उंचीची ज्वाळा. हे व्हिडिओ आता आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक गॅरेजवाल्याच्या मोबाइलवर आहेत. माझी उमेदवारी डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारी तोटी) यांच्या दुकानात झाली, त्यामुळे हे व्हिडिओ दाखवून लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

डिझेलमध्ये पेटती काडी टाकली तरी ती विझते म्हणतात. मग ते धुराड्यात पेटतं कसं?

वाटीतल्या थंड डिझेलबद्दल हे खरं आहे. पेट घेण्याजोगी वाफ सुटायला ते पन्नास-साठ अंश सेल्सियसच्या पुढे तापावं लागतं. (म्हणून घरी काडी टाकून बघायला जाऊ नका. उन्हात तापलेल्या पिंपातलं डिझेल असं वागेलच, याची खात्री नाही.) पण त्याच डिझेलचे बारीक तुषार करून ते सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या हवेत सोडले की काडी लागतच नाही, ते आपोआप पेटतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो तो यामुळेच.

स्पर्धेतला ट्रक पूर्ण जोरात असताना मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांतून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळीतला) वायू ८०० ते ९०० अंशांच्या घरात असतो, कधी त्याहूनही वर. त्यात अर्धवट जळलेलं डिझेल, कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन आणि भरपूर काजळी असते. इंधन आहे, उष्णता आहे. नसतो तो प्राणवायू, कारण तो सिलिंडरमध्येच संपलेला असतो. वायू धुराड्याच्या तोंडाशी आला की त्याला बाहेरची ताजी हवा मिळते आणि तो तिथल्या तिथे पेटतो. ज्वाळा आतून येते असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती तोंडावरच उभी असते.

ज्यांच्या घरी पंपाचा रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना हे चटकन कळेल. काकडा लावून बर्नर नीट न तापवता घाईने पंप मारला की पिवळ्या ज्योती वर उसळतात आणि पातेल्याचं बूड काळं होतं. बर्नर तापला, हवा नीट मिसळली की तोच स्टोव्ह निळा होऊन घरघरायला लागतो. रॉकेल तेच असतं, फरक पडतो तो हवा मिसळण्याचा.

पण न जळलेलं डिझेल धुराड्यापर्यंत पोचतंच कसं? ते सिलिंडरमध्येच जळायला हवं ना?

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात मिसळून येतं. डिझेल इंजिनाची रीत वेगळी. हवा जेवढी येईल तेवढी येऊ द्यायची आणि ताकद कमीजास्त करायची ती फक्त डिझेल कमीजास्त सोडून. एक किलो डिझेल पूर्ण जळायला हिशेबाने साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेलला हवेत मिसळायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून हवा हिशेबापेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते. चांगलं इंजिन भरल्या लोडवरही किलोमागे अठरा-वीस किलो हवा घेतं, आणि रिकामी गाडी चालत असताना तर त्याच्या कितीतरी पट. प्रमाण अठराच्या खाली यायला लागलं की धूर दिसू लागतो.

स्पर्धेत नेमकी ही मर्यादा मोडलेली असते. नोझलची भोकं मोठी, पंपाचा मारा वाढवलेला. एका लिटर डिझेलला नुसत्या हिशेबाने दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीतली एक तृतीयांश हवा. २००० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला आठेक लिटर डिझेल पितं. म्हणजे त्याने दर मिनिटाला अडीच-तीन खोल्या रिकाम्या करायला हव्यात, आणि स्वच्छ जळायचं असेल तर त्याहून जास्त. सहा लिटरच्या इंजिनाकडून ही अपेक्षा आहे.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि लोक हिच्याकडे फार कमी लक्ष देतात. रस्त्यावरचं इंजिन १८०० आरपीएमवर (मिनिटाला १८०० फेऱ्यांवर) चालत असतं तेव्हा पिस्टन वरून खाली निघाल्यापासून एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडेपर्यंत सुमारे ११ मिलिसेकंद मिळतात. स्पर्धेतलं इंजिन ४५०० आरपीएमवर फिरतं, तिथे त्याच कामाला साडेचार मिलिसेकंदच उरतात. शिवाय डिझेल जास्त सोडायचं म्हणजे नोझल जास्त वेळ उघडी राहणार, आणि फवारा संपेपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असणार. शेवटी आत आलेलं डिझेल जळायला लागतं न लागतं तोच वॉल्व्ह उघडतो आणि ते जळता जळताच बाहेर ढकललं जातं.

आमच्याकडे गुऱ्हाळ बघितलेल्यांना विचारा. चुलवाणात एकदम चिपाडं कोंबली की धुराड्यातून काळा लोट येतो. चिपाडं वाईट नसतात. आत गेलेल्या हवेला आणि वेळेला ती झेपत नाहीत इतकंच.

हे ट्रक मुळात कोणते? आपल्याकडे ही इंजिनं आहेत का?

इंजिनांची तीन घराणी जास्त दिसतात: डॉज रॅममधलं कमिन्स, फोर्डचं पॉवर स्ट्रोक आणि जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स. त्यांत जुन्या मिस्त्रींचा जीव कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडरच्या इंजिनावर. ते १९८९ च्या डॉजमध्ये १६० अश्वशक्तीचं म्हणून आलं. १९९४ ते १९९८ च्या ट्रकांत त्याला बॉशचा पी-७१०० हा लाइन पंप होता. ज्याने आपल्याकडे मायकोचा (बॉशच्या इथल्या कंपनीचं जुनं नाव) लाइन पंप उघडलाय त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. तेच डिझेल दाबणारं एलिमेंट, तीच डिझेल कमीजास्त करणारी रॅक, तोच वेगावर लगाम ठेवणारा गव्हर्नर.

आणि हो, हे इंजिन आपल्या ओळखीचं आहे. याच बी मालिकेची ५.९ लिटरची इंजिनं टाटा कमिन्सने बनवली आणि टाटाच्या कितीतरी ट्रकांत ती बसली. कमिन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आहे, साताऱ्याच्या फलटणला त्यांचे कारखाने आहेत. नाशिकचा कांदा घेऊन घाट चढणारा ट्रक आणि इंडियानात आग ओकणारा ट्रक ही एकाच घरची भावंडं असू शकतात. एकाला दहा लाख किलोमीटर जगायचं असतं, दुसऱ्याला पंधरा सेकंद.

मग पंपात नेमकं काय बदलतात?

पी पंपात, म्हणजे त्या पी-७१०० मध्ये, रॅक किती पुढे सरकावी हे ठरवणारी एक पट्टी असते. ती घासतात किंवा काढूनच टाकतात. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब चढेपर्यंत डिझेल आवरून धरणारी यंत्रणा असते, ती सैल करतात. गव्हर्नरच्या स्प्रिंगा कडक घालतात, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार आरपीएमवर डिझेल तोडणारा पंप चार हजारांच्या पुढेही देत राहतो. डिलिव्हरी वॉल्व्ह बदलतात, टायमिंग पुढे घेतात (म्हणजे डिझेल थोडं आधी सोडतात), नोझल मोठ्या टाकतात. नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल संगणकाच्या हुकमाने सुटतं, तिथे हेच काम लॅपटॉपवर होतं.

यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. दाब चढेपर्यंत डिझेल आवरणारी ती यंत्रणा म्हणजे धुरावरचा पहारा. पहारा उठला की धूर आलाच.

टर्बो असतो, कधी दोन-तीन असतात. तरी हवा कमी का पडते?

टर्बो म्हणजे लोहाराचा भाता, पण तो चालवायला माणूस नसतो, भट्टीचा धूरच त्याला चालवतो. सुरुवातीला धूर थंड आणि कमी, म्हणून भाता मंद. भाता मंद, म्हणून हवा कमी. या कोंडीतून सुटायला चालक स्टार्टवरच मुद्दाम जास्त डिझेल पाजतो. ते सिलिंडरमध्ये पुरतं जळत नाही, पण एक्झॉस्टला उष्णता आणि दाब देतं, त्या जोरावर टर्बाइन (टर्बोचं धुराच्या वाटेतलं चाक) फिरतं आणि हवा यायला लागते. म्हणजे ते डिझेल सगळंच वाया जातं असं नाही, त्यातला काही भाग टर्बो जागा करण्यात खर्ची पडतो.

पुढे जाऊन नियमही आड येतात. पुलिंगच्या बऱ्याच वर्गांत टर्बोच्या हवा ओढण्याच्या तोंडाचा आकार ठरवून दिलेला असतो. २.६ इंचांचा, म्हणजे ६६ मिलिमीटरचा वर्ग प्रसिद्ध आहे. त्या तोंडातून जाणाऱ्या हवेला ठरावीक सीमा आहे, डिझेलला मात्र नाही. मग जो तो हवेच्या शेवटच्या कणापर्यंत डिझेल देऊन बघतो, आणि थोडं जास्तच देतो. सिलिंडरमध्ये प्राणवायू शिल्लक राहण्यापेक्षा डिझेल शिल्लक राहिलेलं बरं, असा तो हिशेब.

हवा तुटली की डिझेलचं काय होतं, याचं फार जुनं उदाहरण याच इंडियानातलं आहे. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सची डिझेल गाडी उतरली होती. टर्बो लावून त्या शर्यतीत आलेली ती पहिली गाडी. पात्रता फेरीत फ्रेड अगाबाशियन यांनी तिला सगळ्यांत पुढची जागा मिळवून दिली. पण टर्बोचं तोंड खाली होतं आणि ट्रॅकवरचा टायरच्या रबराचा कचरा त्यात ओढला जाऊन ते तुंबलं. ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबवावी लागली. अमेरिकेतल्या सगळ्यांत वेगवान गाड्यांच्या पुढे उभं राहिलेलं इंजिन, हवा अडल्यावर काही उपयोगाचं उरलं नाही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येक ट्रकमालकाला ती सांगता येते.

आधी काळा धूर आणि मग आग, असा क्रम का?

काळा धूर आणि आग यांतला माल बराचसा एकच आहे. फरक तापमानाचा. काजळीला पेटायला साडेपाचशे-सहाशे अंशांच्या पुढची उष्णता आणि हवा, दोन्ही लागतात. ट्रक सुटतो तेव्हा धातू थंड असतो, वायू तोंडाशी येईपर्यंत निवतो आणि काजळी काळा ढग होऊन उडून जाते. पुढच्या काही सेकंदांत मॅनिफोल्ड, टर्बाइन, नळी सगळं तापतं. आता तोच वायू पेटण्याइतका गरम असतानाच बाहेरच्या हवेत पोचतो, आणि काळ्या लोटाच्या मुळाशी नारिंगी जीभ दिसायला लागते.

नळीची लांबीही इथे महत्त्वाची. रस्त्यावरच्या ट्रकची नळी गाडीखालून मागेपर्यंत जाते, वाटेत सायलेन्सर, तेवढ्यात वायू निवतो. पुलिंगच्या ट्रकची नळी टर्बोपासून सरळ बॉनेटमधून वर, जेमतेम दोन-तीन फूट. तेच इंजिन लांब नळीवर फक्त काळं ओकेल.

दिवसा कमी आणि रात्री जास्त आग दिसते, तीही फसगतच आहे. आग तेवढीच असते, उन्हात फिकी ज्योत दिसत नाही.

चालकाने ॲक्सिलरेटर सोडल्यावर एकदम भडका उडतो. डिझेल बंद झाल्यावर आग वाढते कशी?

कारण त्या क्षणी डिझेल तुटतं, हवा नाही. टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरत असतं, ते लगेच थांबत नाही. इंजिन अजून फिरतंय, हवा ढकलतंय, पण ती हवा आता सिलिंडरमधून बिनवापराची बाहेर येते. मॅनिफोल्डमध्ये तापलेला, न जळलेला वायू आणि भिंतींना चिकटलेली काजळी तिची वाटच बघत असते. इतका वेळ ज्वाळा तोंडावर थांबली होती, आता ती आतही शिरते. म्हणून तो भडका मोठा, पण क्षणभराचा.

ज्वाळेच्या रंगावरून काय कळतं?

पिवळा-नारिंगी रंग तापून लाल झालेल्या काजळीच्या कणांचा, दिव्याच्या वातीसारखा. कडेला निळसर झाक दिसली तर ती मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड जळण्याची. नुसत्या रंगावरून इंजिनाची प्रकृती सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. ज्वाळा कधी येते आणि कधी जाते, हे बघावं.

नायट्रसमुळे आग येते का?

नायट्रस ऑक्साइड हा ताकद वाढवायला इंजिनात सोडला जाणारा वायू. ते स्वतः जळत नाही, ते प्राणवायू घेऊन येतं. वजनाने त्यात ३६ टक्के प्राणवायू असतो, हवेत २३. त्यामुळे डिझेल तेवढंच ठेवून नायट्रस सोडलं तर काळा धूर चक्क कमी होतो. पण कोणी डिझेल तेवढंच ठेवत नाही. उष्णता वाढते, डिझेलही वाढवलं जातं आणि ज्वाळा अधिक उंच होते. काही जण हवेत प्रोपेन हा जळणारा वायू मिसळतात, त्यातला न जळलेला भागही बाहेर येऊन पेटतो.

जेवढी आग मोठी तेवढी ताकद जास्त, बरोबर ना?

नाही. हे मला अगदी ठासून सांगायचं आहे, कारण पोरं इथेच फसतात.

पिस्टनला खाली ढकलण्याचं काम जे डिझेल करतं ते ताकद. बाहेर येऊन जळतं ते चाकापर्यंत कधी पोचलंच नाही. साधा हिशेब करू. २००० अश्वशक्तीच्या इंजिनात सेकंदाला ११० ग्रॅमच्या आसपास डिझेल जातं. त्यातलं फक्त ५ टक्के न जळता बाहेर गेलं तर सेकंदाला साडेपाच ग्रॅम, म्हणजे जवळपास २४० किलोवॅट उष्णता. घरच्या गॅसच्या शेगडीचा एक बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा असतो. शंभर बर्नर एका नळीत एकत्र पेटवल्यासारखी ती आग दिसणार, आणि ट्रकला त्यातून काहीच मिळणार नाही. पाच टक्क्यांचा तोटा इतका नेत्रदीपक असतो, म्हणून तो ताकदीसारखा भासतो.

उलट बाजूचा पुरावा बघा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर इंजिनांचे नावाजलेले कारागीर गेल बँक्स यांच्या चमूने एक डॉज डाकोटा पिकअप पळवला. त्यात हेच कमिन्स ५.९ होतं, ७३५ अश्वशक्तीपर्यंत वाढवलेलं. वेग ताशी २१७ मैल, म्हणजे ३४९ किलोमीटर. काळा धूर नाही, ज्वाळा नाही. हवा आधी आणि डिझेल नंतर, हा बँक्स यांचा आग्रह त्यांनी मैदानात सिद्ध केला. माझ्या मते डिझेलच्या कारागिरीचा तो खरा कळस आहे, आणि त्याचे व्हिडिओ कोणी एकमेकांना पाठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

युरोपातल्या ट्रक शर्यतींचंही तसंच. तिथे साडेपाच टनांच्या आसपासचे, हजारावर अश्वशक्तीचे ट्रक ताशी १६० किलोमीटरच्या मर्यादेत पळतात आणि दिसणारा धूर सोडला तर दंड होतो. आपल्याकडे २०१४ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर टाटा मोटर्सने प्रायमा ट्रकांच्या शर्यती सुरू केल्या, त्या याच धर्तीच्या.

मग पुलिंगवाले मूर्ख आहेत का? मुळीच नाही. त्यांना तोंडाचा आकार बांधून दिलाय, वेळ दहा-पंधरा सेकंदांचा आहे, डिझेलचा खर्च किरकोळ आहे आणि टर्बो जिवंत ठेवायचा आहे. त्या चौकटीत थोडं जास्त डिझेल देणं हा शहाणपणाचाच निर्णय असतो. ज्वाळा हा त्या निर्णयाचा मागे उरलेला भाग. पण जो मिस्त्री तीच ओढ कमी ज्वाळेत काढतो, त्याचं काम मी वरचं मानतो.

एवढ्या उष्णतेत इंजिन वितळत कसं नाही?

वितळतं. पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू साडेपाचशे-सहाशे अंशांना पाणी होतो, आणि वायू त्याहून कितीतरी गरम. पिस्टन वाचतो तो खालून ऑइलचा फवारा बसतो म्हणून आणि ही उष्णता काही सेकंदांचीच असते म्हणून. घाट चढताना लोक साधारण ६८० अंशांच्या पुढे मॅनिफोल्डचं तापमान जाऊ देत नाहीत, कारण तिथे अर्धा तास काढायचा असतो. स्पर्धेत त्याच्या दोनशे-तीनशे अंश वर जातात आणि ट्रॅक संपता संपता इंजिन बंद करतात. मोठ्या वर्गांत पोलादी पिस्टन, हवेत पाण्याचा फवारा, टर्बोची हवा निववणारा, बर्फाच्या पाण्याने थंड होणारा इंटरकूलर असतो. टर्बाइनचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं असतं, ते लालबुंद झालं तरी आपली ताकद राखतं. तरीही दर मोसमात पिस्टनला भोकं पडतातच.

धुराडं सरळ वरच का काढतात?

मागे प्रेक्षक, घसरगाडी आणि तिचा चालक असतो, म्हणून धूर-आग वर. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. टर्बोचं चाक फुटलं तर तुकडे गोळीसारखे नळीतून सुटतात. त्यासाठी पुलिंगच्या नियमांत नळीच्या आत आडवे-उभे बोल्ट फुलीसारखे टाकायला लावतात. याशिवाय इंजिनाची हवा एका झटक्यात बंद करणारी झडप असते आणि तिची दोरी घसरगाडीला बांधलेली असते. ट्रक सुटून पळाला की दोरी ओढली जाते, हवा बंद, इंजिन बंद.

कोणती आग दिसली की घाबरायचं?

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही जी विझत नाही ती.

डिझेलची ज्वाळा चालकाच्या पायाबरोबर वरखाली होते. टर्बोचं सील गेलं तर इंजिन ऑइल थेट तापलेल्या टर्बाइनवर पडतं. पांढरा-निळसर दाट धूर येतो आणि मग पिवळी, जाड, न थांबणारी ज्योत. ते ऑइल दुसऱ्या बाजूने हवेच्या वाटेत गेलं तर प्रकरण आणखी बिघडतं. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत बेफाम पळायला लागतं, चावी काढून किंवा डिझेल तोडून ते थांबत नाही. तेव्हा हवा बंद करणं एवढा एकच उपाय. हे आपल्याकडच्या साध्या टर्बो ट्रकलाही होऊ शकतं. मॅन्युअल गिअर असेल तर ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबता येतं. हवेच्या नळीवर जाड फळी दाबून धरणं हा जुना उपाय, पण हात किंवा फडकं कधीही नाही. ते ओढलं जातं.

बुलेटच्या सायलेन्सरमधले फटाके हाच प्रकार का?

नातं आहे, पण ते पेट्रोल. तिथे ठिणगी मध्येच तोडून किंवा जास्त पेट्रोल सोडून न जळलेलं मिश्रण गरम सायलेन्सरमध्ये फोडतात, आणि त्या मिश्रणात हवा आधीच असते. म्हणून स्फोटाचा आवाज. डिझेलमध्ये हवा बाहेर मिळते, म्हणून फटाका कमी आणि मशाल जास्त.

तीन जेट इंजिनं लावलेल्या ट्रकच्या ज्वाळाही अशाच का?

नाही. शॉकवेव्ह नावाचा तो अमेरिकी ट्रक प्रदर्शनासाठी होता, त्याला वेस्टिंगहाउसची जे-३४ ही तीन जुनी जेट इंजिनं होती. जेटच्या मागच्या नळीत मुद्दाम इंधन सोडून जाळतात, त्यातून पुढे ढकलणारा जोर वाढतो. म्हणजे तिथे बाहेरची आग खरोखर काम करते. जुलै २०२२ मध्ये मिशिगनच्या बॅटल क्रीक इथे प्रदर्शनात तो ट्रक अपघातात सापडला आणि चालकाचा मृत्यू झाला.

माझ्या बीएस-६ डिझेल गाडीत असं काही होतं का?

होतं, पण पेटीत. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडीचा संगणक मुद्दाम उशिरा थोडं डिझेल सोडतो, ते एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टवर जळतं, तापमान सहाशेच्या आसपास जातं आणि साठलेली काजळी जळून जाते. शर्यतीच्या धुराड्यात उघड्यावर जे घडतं तेच रसायन इथे बंदिस्त आणि मोजूनमापून. म्हणूनच त्या वेळी गाडी वाळल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करू नये.

माझ्या ट्रकला, पिकअपला किंवा ट्रॅक्टरला असं करून देता का?

नाही. रस्त्यावरच्या गाडीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही, आणि प्रदूषणासाठी कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेतही हे रस्त्यावर बेकायदाच आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढून टाकली गेली. ती काजळी कोणाच्या तरी पोराच्या फुप्फुसात गेली.

गाडी आपोआपच काळा धूर मारत असेल आणि कधी नळीच्या तोंडाशी लालसर दिसत असेल, तर तिला ताकद आली असं समजू नका. आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरून बघा. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा तपासा, बारीक फाटलेला होज हवा बाहेर सोडतो आणि बाहेरून दिसतही नाही. त्यानंतर नोझल काढून टेस्टरवर फवारा बघायचा, ती ठिबकत असेल तर बदलायची. पंपाचं सील सगळ्यांत शेवटी तोडायचं, आणि तेही कॅलिब्रेशनचं मशीन असलेल्या दुकानातच.